ओलाव्याने बिघडणारं संयुग अल्कलीच्या द्रावात तयार तरी कसं होतं?

दमट हवेतही खराब होणारी संयुगं पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात, म्हणजे पाणी असतानाच, कशी बनतात असं तुम्ही विचारलंय. शंका रास्त आहे. पण पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं किती आहे, ते बघा.

मी हायड्रोफ्लक्स पद्धतीने काम करतो. त्यात हायड्रॉक्साइड आणि पाणी यांचे मोल, म्हणजे कणांची संख्या, जवळपास सारखे घेतात: 56 ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडला 18 ग्रॅम पाणी, म्हणजे वजनाने सुमारे 76 टक्के अल्कली. (बाटलीतल्या गोळ्यांमध्ये आधीच 15 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते हिशेबात धरलं नाही तर प्रमाण पार बिघडतं.) एका पोटॅशियम आयनाच्या आणि एका हायड्रॉक्साइडच्या वाट्याला मिळून पाण्याचा एकच रेणू येतो, आणि त्याच्यावरही दोघांची ओढाताण. जलविघटन, म्हणजे पाण्याने संयुग मोडणं, करायला मोकळं उरतंय कोण? म्हणूनच 200 अंश सेल्सिअसला तापवलं तरी बंद भांड्यात दाब फारसा चढत नाही.

पोटॅशियम फेरेट या लोहाच्या संयुगाचं थोडं वेगळं आहे. जांभळट काळे स्फटिक साध्या पाण्यात टाकले की ऑक्सिजन सुटतो आणि तपकिरी गाळ खाली बसतो. फेरेटला प्रोटॉन (हायड्रोजन आयन) चिकटला की ते झपाट्याने मोडतं. तीव्र अल्कलीत प्रोटॉन मिळणं मुश्कील, म्हणून तिथे ते तग धरतं. वर त्याची विद्राव्यताही घटते, त्यामुळे स्फटिक आपसूक खाली येतात.

खरी कसोटी भांडं उघडल्यावर. स्फटिकांवर अल्कलीचा चिकट थर असतो, तो हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. मग पदार्थ ओळखायला काढलेल्या एक्स-रे आलेखात कार्बोनेटच्या रेषा दिसू लागतात. पाण्याने धुवायला गेलात तर थर पातळ होतो आणि पाणी मोकळं होतं, म्हणजे सगळंच मुसळ केरात. त्यामुळे आर्गॉन या निष्क्रिय वायूखाली, थंड मिथेनॉलने (एक अल्कोहोल), भरभर धुवायचं. फेरेट अल्कोहोललाही हळूहळू ऑक्सिडाइझ करतं, तेव्हा तिथे तर अजिबात रेंगाळू नका.

तापवायला काचेचं भांडं नको, अल्कली काच खाते आणि सिलिकेट तुमच्या पदार्थात शिरतं. टेफ्लॉनचं अस्तर असलेला ऑटोक्लेव्ह (दाब सहन करणारं बंद भांडं) घ्या. गाळायला फिल्टर पेपरही नको, तो फुगून फाटतो. आणि चष्मा नंबरचा असला तरी वरून गॉगल लावाच. गरम अल्कलीचा एक थेंबही डोळ्याला पुरतो.