सिमवरचा राउटर बसवण्याआधी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वायरचं इंटरनेट पोचत नाही अशा जागी सिमचा राउटर बसवायचा आहे. तिथे फोनवर चार दांड्या दिसतात. राउटर घ्यायला हरकत नाही ना?

दांड्यांवर जाऊ नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा आपल्या मर्जीनं ठरवतो. बघायचे ते दोन आकडे, आरएसआरपी आणि एसआयएनआर. पहिला टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतोय ते सांगतो, दुसरा तो गोंगाटातून किती स्वच्छ ऐकू येतोय ते. अँड्रॉइड फोनवर हे आकडे दाखवणारी मोफत ॲप्स आहेत. आरएसआरपी उणे ९० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) किंवा त्याहून बरा असेल तर निवांत राहा. उणे १०० च्या आसपास काम चालतं, पण कुरकुरत. उणे ११० च्याही खाली गेला तर बाहेरच्या अँटेनाशिवाय नाद सोडा. एसआयएनआर २० च्या वर उत्तम, १० च्या वर ठीक. शून्याखाली असेल तर सिग्नल कितीही जोरात असो, वेग मिळणार नाही.

मोजायचं ते राउटर ठेवणार त्याच कोपऱ्यात आणि राउटरमध्ये घालणार त्याच कंपनीच्या सिमवर. एकदा सकाळी मोजा, एकदा रात्री नऊच्या सुमारास. आरएसआरपी दोन्ही वेळा सारखा आणि वेग मात्र रात्री निम्मा, तर टॉवरवर गर्दी आहे. महागडी अँटेना घेऊन गर्दी हटत नाही; आधी दुसऱ्या कंपनीचं सिम लावून पाहा.

प्रश्न: गच्चीवर ६ डीबीची (डीबी म्हणजे सिग्नल किती वाढला वा घटला याचं माप) अँटेना लावली आणि १० मीटर केबल राउटरपर्यंत खाली आणली. काहीच फरक पडला नाही. अँटेना खराब असेल का?

अँटेनापेक्षा केबलवर आमचा संशय जास्त. बारीक आरजी-५८ केबल २००० मेगाहर्ट्‌झच्या आसपास मीटरमागे साधारण १ डीबी खाते. म्हणजे १० मीटरमध्ये १० डीबी: वरून निघालेल्या सिग्नलचा दहावा हिस्सा खाली पोचतो. अँटेनानं सहा कमावले, केबलनं दहा घालवले. एलएमआर-४०० सारखी जाड केबल तेवढ्याच लांबीत २ डीबीच्या आसपास खाईल, पण ती वाकवणं आणि राउटरच्या नाजूक सॉकेटला जोडणं हा ताप असतो. त्यापेक्षा राउटरच वर न्या. पाणी न शिरणाऱ्या पेटीत, अँटेनापासून अर्ध्या-एक मीटरवर बसवा आणि खाली इथरनेटची केबल आणा. ती १०० मीटरपर्यंत वेग न गमावता चालते आणि पीओई असेल तर वीजही तीच वर नेते. पेटी मात्र थेट उन्हात नको. तापलेला मोडेम वेग कमी करतो, नाहीतर बंद पडतो.

जोडणीही तपासा, कारण इथे हमखास फसगत होते. मोबाइल अँटेनाचं सॉकेट बहुधा एसएमए असतं, वायफायचं आरपी-एसएमए. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आटेही एकमेकांत बसतात. राउटरच्या एसएमए सॉकेटच्या मधोमध छिद्र असतं, म्हणून अँटेनाच्या टोकात पिन हवी. आरपी-एसएमएच्या टोकातही छिद्रच असतं. ते घट्ट फिरवून बसतं, पण छिद्रासमोर छिद्र, संपर्क शून्य! शिवाय राउटरला दोन सॉकेट असतील तर दोन्हींना अँटेना हवी. एकच लावली तर मायमोचा, म्हणजे एकाच वेळी अनेक अँटेनांनी डेटा नेण्याचा, फायदा बुडतो.

प्रश्न: सिम फोनमध्ये छान चालतं, राउटरमध्ये चालत नाही.

राउटर नेमकं काय म्हणतोय ते वाचा. 'सिम नाही' म्हणत असेल तर अडचण बसवण्यात आहे. वीज बंद करून सिम घाला, दिशा पाहा. नॅनो सिम ॲडॉप्टरमध्ये घालून मोठ्या खाचेत सरकवलं असेल तर ते आत सुटून पिना वाकवू शकतं. शक्यतो योग्य मापाचंच सिम मागून घ्या. 'पिन द्या' म्हणत असेल तर सिम परत फोनमध्ये घालून पिन काढून टाका. राउटरमध्ये चुकीचा पिन साठवलेला असेल तर तो स्वतःच तीन प्रयत्न संपवून सिमला पीयूके (अडकलेलं सिम उघडायचा कोड) मागायला लावतो.

नेटवर्कवर नोंदणी होते पण डेटा नाही, तर एपीएन (कंपनीच्या इंटरनेटमध्ये शिरायच्या दाराचं नाव) चुकला आहे. फोनमध्ये एपीएनची यादी आधीच भरलेली असते, राउटरमध्ये असेलच असं नाही. फोनच्या सेटिंगमधून अक्षर न् अक्षर उतरवून घ्या, शेवटी चुकून स्पेस पडू देऊ नका. 'नोंदणी नाकारली' असं आलं, तर प्लॅन राउटरमध्ये वापरायची परवानगी देतो का, हे कंपनीलाच विचारा.

प्रश्न: राउटरमागच्या कॅमेऱ्यासाठी पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून आलेली जोडणी कॅमेऱ्याकडे वळवली), तरी बाहेरून कॅमेरा उघडत नाही.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, किंवा १० नं, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता कंपनी अनेक ग्राहकांत वाटते. बाहेरून आलेली हाक कंपनीच्या यंत्राशीच अडते, तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. मग तुम्ही तिथे काहीही फॉरवर्ड करा.

मार्ग दोन. सार्वजनिक स्थिर पत्ता देणारा वेगळा एपीएन कंपनीकडून घ्यायचा, किंवा राउटरनंच बाहेरच्या एखाद्या सर्व्हरशी व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारा खासगी बोगदा) जोडून ठेवायचं. वायरगार्ड हे व्हीपीएन वापरलात तर राउटरच्या बाजूला कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा छोटा निरोप) २५ सेकंद ठेवा, नाहीतर शांतता पडली की सीजीनॅट वाट विसरतो. दुसऱ्या टोकाला सार्वजनिक पत्ता हवाच.

आणि कॅमेरा चोवीस तास बाहेर पाठवणार असाल तर हिशेब आधीच करा: २ मेगाबिटचा प्रवाह दिवसाला २१.६ जीबी होतो. हालचाल दिसली की पाठव, अशी सोय वापरा.

प्रश्न: पिंग (पोचतंय का हे पाहायचं चाचणीचं पॅकेट) होतो, हलकी पानं उघडतात, पण व्हीपीएनवर मोठी फाइल अडकून बसते.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचं जास्तीत जास्त माप. मोबाइल नेटवर्क प्रत्येक पॅकेट स्वतःच्या वेष्टनात घालून नेतं, त्यामुळे १५०० बाइटची जागा पूर्ण मिळेलच असं नाही. 'पॅकेट मोठं आहे' हा निरोपही वाटेत गाळला गेला की पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. व्हीपीएन बंद करून, तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४७२ बाइटचा पिंग पाठवा. गेला नाही तर दहा-दहानं उतरा. समजा १४०२ ला गेला. त्यात पिंगच्या वेष्टनाचे २८ मिळवा, एमटीयू १४३०. वायरगार्डसाठी त्यातून ८० वजा करून १३५० ठेवा. राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंगही (दोन्ही टोकांना लहान पॅकेटं पाठवायला लावणारी सोय) सुरू करा.