पहिल्याच आठवड्यात घरी परतावंसं वाटतं

प्रश्न : सिस्टर, मी वसईची, वय 22. बी.कॉम. झाल्यावर एका पतपेढीत नोकरी केली आणि गेल्या रविवारी मिशनरी सिस्टर होण्यासाठी कँडिडेट (अगदी पहिल्या पायरीवरची उमेदवार) म्हणून इथे दाखल झाले. घर सोडताना रडले नाही. इथे मात्र रात्री दिवे मालवले की रडू येतं. पहाटे पाचला घंटा होते, दिवसाचा बराचसा वेळ मौन असतं, मोबाइल पहिल्याच दिवशी जमा केला. प्रार्थना इंग्रजीत आणि हिंदीत. माझी शाळा मराठी, त्यामुळे ओठ हलतात पण मन कोरडंच राहतं. खोलीतल्या मुली झारखंडच्या, आपसात त्यांच्याच भाषेत बोलतात. आईला बीपी आहे, तिची काळजी वाटते. परत जावंसं वाटतं म्हणजे मला पाचारण, देवाचं बोलावणं, नाहीच का? आणि गेले तर गावात काय म्हणतील? आणखी एक विचारायचं होतं : नोकरीत साठलेले पैसे संस्थेला द्यायचे असतात का? इथे विचारायची लाज वाटते.

उत्तर : पैशांचं आधी सांगते, कारण लाजेपोटी तो प्रश्न तू अगदी शेवटी ढकललास. द्यायचे नसतात. ते पैसे तुझे आहेत. चर्चचा 1983 चा कॅनन लॉ, म्हणजे चर्चची कायदेसंहिता, याबाबतीत स्पष्ट आहे : पहिली व्रतं घेण्याआधी आपल्या मालमत्तेचा कारभार कोणाकडे सोपवायचा ते सिस्टरने ठरवायचं. मालकी तेव्हाही तिचीच असते. मृत्युपत्र निदान कायमच्या व्रतांआधी करायचं. काही संस्थांत मालकीही सोडावी लागते, पण तीसुद्धा कायमच्या व्रतांच्या वेळी. तू तर अजून उंबरठ्यावर आहेस. खातं चालू ठेव, आईला नॉमिनी कर आणि पासबुक घरीच राहू दे. कोणी वेगळं सुचवलं तर लेखी नियम दाखवा म्हण. त्यात उद्धटपणा नाही.

आता रडण्याबद्दल. नाशिककडच्या एका घरात मी अनेक वर्षं नोविशिएटची, म्हणजे व्रतं घेण्याआधीच्या प्रशिक्षणाची, जबाबदारी सांभाळली. पहिल्या आठवड्यात वसईच्या मुलींना डाळ-पोळीचं ताट समोर आलं की कोळंबीचं कालवण आठवायचं. झारखंडच्या मुलींना दोन्ही वेळा भात लागायचा, रात्री पोळी पाहिली की त्यांचे चेहरे उतरायचे. केरळची एक मुलगी खोबरेल तेलाच्या वासासाठी रडली होती. यातल्या कुणाची श्रद्धा कमी नव्हती. आपण मनाने घर सोडून येतो, शरीर मागून येतं, आणि त्याला वेळ लागतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या आठवड्यात घंटा चुकेल या धास्तीने मी चारलाच उठून अंथरुणावर बसून राहायची आणि दुपारी वाचनाच्या तासाला डुलक्या घ्यायची. म्हणून या आठवड्यातल्या अश्रूंवरून पाचारणाचा निकाल लावू नकोस. अश्रू आले नसते तरी तो लागला नसता.

कॅनन लॉसुद्धा इतक्या घाईने निकाल लावत नाही. संस्थेच्या पद्धतीप्रमाणे आधी कँडिडेट, मग पोस्टुलंट (नोविशिएटची तयारी करणारी), मग कॅनन लॉप्रमाणे किमान 12 महिन्यांचं नोविशिएट, त्यानंतर निदान तीन वर्षं तात्पुरती व्रतं, आणि कायमची व्रतं त्याच्याही पुढे. इतकी वर्षं दिली आहेत, कारण एका आठवड्यात हे ना तुला कळू शकतं, ना तुझ्या सुपीरियरना, म्हणजे प्रमुख सिस्टरना. त्या काळात मी मुलींमध्ये काय पाहत असे, तेही सांगते. एकदाही न रडलेली एक मुलगी सगळ्यांच्या चुका मोजत बसायची. दुसरी रोज डोळे सुजवून यायची, पण स्वयंपाकघरात कुणाचा हात भाजला तर सगळ्यांत आधी तिच्या लक्षात यायचं. मला दुसरीबद्दल आशा वाटायची. तू तीन-चार महिन्यांनी स्वतःला विचार : भूक लागते का, झोप येते का, कुणाबरोबर मोकळेपणी हसू येतं का, आणि ज्या लोकांसाठी आपण आलो त्यांची ओढ वाटते का? तेव्हाही अन्न-झोप हरवलेलीच असेल तर जपमाळ जास्त वेळा म्हणून ते सुटणार नाही. डॉक्टरांना दाखव आणि पुढच्या वाटेबद्दल मोकळेपणाने बोल.

प्रार्थना मराठीत कर. सामुदायिक प्रार्थनेला जे पुस्तक असेल ते म्हण, पण दिवसातला थोडा निवांत वेळ मागून घे आणि तेच स्तोत्र आपल्या मराठी बायबलमधून हळू वाच. इंग्रजी येईल. मदर तेरेसा 1928 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आयर्लंडमधल्या रॅथफर्नहॅमच्या लोरेटो कॉन्व्हेंटमध्ये दाखल झाल्या, तेव्हा तिथे त्यांना पहिलं काम होतं ते इंग्रजी शिकण्याचं. 1929 च्या जानेवारीत त्या भारतात आल्या आणि दार्जिलिंगच्या नोविशिएटमध्ये गेल्या.

झारखंडच्या मुलींना बहुधा तुझ्याइतकंच परकं वाटत असेल. त्यांच्याकडून एखादं गाणं शीक, भांडी घासताना त्यांच्या गावाबद्दल विचार. तुला मिशनरी व्हायचं आहे ना? ज्यांची भाषा येत नाही त्यांच्यात जाऊन राहणं हेच ते काम, आणि ते तुझ्या खोलीतच सुरू झालं आहे.

मोबाइल जमा करण्यात मला वावगं दिसत नाही. तो उशाशी असता तर तुझं चित्त वसईतच राहिलं असतं. पण आजारी आईची खबर मिळू नये, हे मला मान्य नाही. उद्या नाश्ता झाला की तुमच्या प्रमुख सिस्टरकडे जा आणि सरळ सांग : आईला बीपी आहे, आठवड्यातून एकदा कॉन्व्हेंटच्या फोनवरून बोलायचं आहे. नव्या मुलींना वाटतं, काही मागितलं की आज्ञाभंग झाला. तू आज्ञापालनाचं व्रत अजून घेतलेलं नाहीस, आणि घेतल्यावरही विनंती करणं हा आज्ञाभंग नसतो. मनातलं सगळं सुपीरियरना सांगितलंच पाहिजे अशी सक्तीही कोणी करू शकत नाही, कॅनन लॉने त्याला मनाई केलेली आहे. जे त्यांच्याशी बोलवत नसेल ते पापनिवेदनाला येणाऱ्या फादरांशी बोल.

राहिला गावाचा प्रश्न, आणि इथे मला राग येतो. ‘सिस्टर व्हायला गेली होती, परत आली’ हे वाक्य आपल्याकडे मुलीच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा काढतात. ज्यांना अभिमानाने ‘आमच्या वसईचा संत’ म्हणतो त्या गोन्सालो गार्सिया यांची वाट तरी कुठे सरळ होती? त्यांना जेझुइट या धर्मसंघात जायचं होतं, तिथे प्रवेश मिळाला नाही. मग ते व्यापारात पडले, पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात ब्रदर झाले आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. जेझुइटांकडून नकार मिळाला म्हणून त्यांना कोणी वाया गेलेला म्हणत नाही. तू दोन वर्षांनी परतलीस तर या घराने आपलं काम केलं असंच मी म्हणेन. आमच्या घरातून परत गेलेल्या मुली आज नर्स आहेत, शिक्षिका आहेत, संसारात आहेत, आणि नाताळला भेटायला येतात.

कॅनन लॉमध्ये आणखी एक कलम आहे. जबरदस्तीने किंवा गंभीर भीतीपोटी कोणी नोविशिएटमध्ये आली, तर तिचा प्रवेश मुळातच रद्द ठरतो. भीतीने येणं चालत नाही, मग लोकांच्या भीतीने राहणं कसं चालेल? आणि नोविसलाही हवं तेव्हा निघून जायची मोकळीक आहे, तू तर अजून नोविसही नाहीस. राहिलीस तर राहावंसं वाटतं म्हणून राहा.

या आठवड्यात मात्र काही ठरवू नकोस. आणि आईला ‘मी अगदी मजेत आहे’ असं खोटं लिहू नकोस, तिला ते पहिल्या ओळीतच कळेल. रात्री रडू येतं, जेवणाची सवय व्हायची आहे, मुली चांगल्या आहेत, मी अजून पाहते आहे, असं लिही. आणि तिने गोळ्या वेळेवर घेतल्या का, ते विचार.