वाचक विचारतात : जुनी जीप, तिचे कागद आणि तिची दुरुस्ती

प्रश्न : महूजवळच्या मळ्यात आजोबांच्या वेळची जीप उभी आहे. पुढच्या जाळीला नऊ फटी आहेत, म्हणून घरात सगळे तिला ‘महायुद्धातली विलीज’ म्हणतात. एका गृहस्थांनी त्याच समजुतीवर चांगली किंमत देऊ केली आहे. खरं-खोटं कसं ठरवायचं? – राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आधी जाळी विसरा. ती बोल्ट काढून बदलता येते आणि सात फटींच्या कितीतरी नागरी जीपना मागाहून नऊ फटींची जाळी बसवलेली असते. बॉनेट उघडा. इंजिनाच्या डोक्यावर लोखंडी सपाट हेड आणि त्यात उभे चार प्लग दिसले, तर ते जुनं साइड-वाल्व्ह ‘गो डेव्हिल’ इंजिन. वर रॉकर कव्हर, म्हणजे वाल्व्हची यंत्रणा झाकणारं झाकण, असेल आणि कार्बोरेटर हेडवरच बसवलेला असेल, तर ते ‘हरिकेन’ इंजिन. हे उंच इंजिन मावावं म्हणूनच सीजे-३बी या मॉडेलचं बॉनेट उंच केलं. ते मॉडेल १९५३ चं, म्हणजे महायुद्ध संपून आठ वर्षं झाल्यानंतरचं. महिंद्रानं आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली ती हीच जीप.

इंजिनही बदललेलं असू शकतं, म्हणून पुढे चला. युद्धकाळातल्या जीपला मागे उघडणारी फळी नसते, आणि पेट्रोल भरायचं तोंड ड्रायव्हरची गादी उचलल्यावर सापडतं. नागरी जीपला मागे फळी असते आणि पेट्रोलचं तोंड बाहेरच्या पत्र्यावर असतं. हेडलाइट जाळीच्या आत बिजागरीवर असतील आणि उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडता येत असेल, तर ती जुळणी युद्धकाळातली.

शेवटचा शब्द चासीचा. बंपरमागे, रेडिएटरच्या खाली दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चासी विलीज एमबीची, उलट्या ‘यू’ आकाराच्या पत्र्याचा असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यूची, म्हणजे फोर्डनं युद्धकाळात बनवलेल्या तशाच जीपची. फोर्डनं बोल्टच्या माथ्यावरसुद्धा ‘एफ’ अक्षर छापलं आहे. फोर्डचा नंबर डाव्या चासीपट्टीच्या वरच्या अंगावर, इंजिनाच्या पुढच्या माउंटिंगजवळ ठोकलेला असतो. विलीजचा नंबर डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला, बंपरमागे, रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. ही पट्टी बहुतेक वेळा गंजून किंवा चोरीला जाऊन नाहीशी झालेली असते.

नंबर शोधताना ग्राइंडर अजिबात लावू नका. पेंट रिमूव्हर, पितळी ब्रश आणि चिंधी एवढ्यावर भागवा. मग कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो ट्रेस व फोटो जपून ठेवा. पुसट आकडे ‘ठळक करून देतो’ म्हणणाऱ्या कारागिराला गाडीजवळ फिरकू देऊ नका. पुन्हा ठोकलेला नंबर आरटीओत छेडछाडच मानला जातो, आणि मग खरी गाडीही संशयात सापडते. हे सगळं झाल्याशिवाय किमतीचं बोलू नका.

प्रश्न : साइड-वाल्व्ह इंजिन दहा वर्षं बंद होतं, आता जाम आहे. मेकॅनिक म्हणतो, ट्रॅक्टरला बांधून तिसऱ्या गिअरमध्ये ओढू, सुटेल. – देवास

उत्तर : सुटेल, पण कनेक्टिंग रॉड वाकवून. सिलिंडरच्या भिंतीला रिंगा गंजून चिकटलेल्या असतात. त्यांना झटका नको, वेळ द्यायला हवा. चारही प्लग काढा. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक भोकात साधारण ५० मिली ओता. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं, तेव्हा आसपास विडी, वेल्डिंग, काही नको. आठ दिवस रोज थोडं थोडं घाला. मग गिअर न्यूट्रल करून क्रँक हँडलनं थोडं पुढे, थोडं मागे असा हलका दाब द्या. केसभर हललं तरी अर्धं काम झालं. त्या दिवशी तिथेच थांबा.

तरीही हललं नाही तर हेड उतरवा. त्याचे काही स्टड थेट पाण्याच्या जागेत उतरलेले असतात आणि तिथेच गंजतात. नट सुटत नसेल तर तेल, मग उष्णता, मग पुन्हा तेल. जोर लावलात की स्टड ब्लॉकमध्येच तुटतो, आणि तो ड्रिल करून काढणं हे मूळ दुखण्यापेक्षा मोठं दुखणं. हेड निघाल्यावर पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या, लोखंड लावू नका.

पिस्टन मोकळा झाला की अनेक जण खूश होऊन स्टार्टर मारतात. या इंजिनात वाल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या बगलेत असतात आणि तेही गाइडमध्ये अडकलेले असतात. हातानं इंजिन फिरवत आठही वाल्व्ह उघडतात आणि पूर्ण मिटतात का, ते एकेक करून पाहा. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३.१२५ इंच, म्हणजे सुमारे ७९.४ मिमी. बोअर आधीच ०.०६० इंच मोठा केलेला असेल तर पुन्हा बोअरिंग न करता आतून स्लीव्ह (नवी नळी) घाला. हेडचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत ६०-६५ फूट-पाउंडांपर्यंत आवळा आणि इंजिन एकदा तापून गार झालं की पुन्हा तपासा. पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंजिनाच्या तळच्या चेंबरमधलं तेल बदला, कारण अ‍ॅसिटोनचं मिश्रण खाली उतरलेलं असतं. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचं अंतर ०.०२० इंच, प्लगचं ०.०३०.

एक नवी गोष्टही ध्यानात घ्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या फ्युएल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या खातं, शिवाय पाणी ओढून टाकी आतून गंजवतं. पडदा इथेनॉल सोसणारा घ्या. जीप महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

प्रश्न : पावसात शेतरस्त्यावरून फोर-व्हील लावून निघालो. मानपूरच्या पुढे डांबरी सडकेवर आल्यावर लिव्हर निघेना, स्टिअरिंगही जड झालं. गिअरबॉक्स खोलावा लागेल का? – सुदामानगर, इंदूर

उत्तर : बहुधा नाही. या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीत, त्यांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात तो फरक घसरून निघून जातो, डांबरावर मात्र शाफ्ट आणि गिअर पिळले जातात, आणि त्या ताणात लिव्हर अडकतो. सरळ रेषेत चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, किंवा एका बाजूची चाकं कच्च्या मातीवर उतरवून हळू चालवा. लिव्हर आपोआप सुटेल.

पण सरळ रस्त्यावरही असं होत असेल तर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे होणारे फेरे, बहुधा वेगळा आहे. भंगारातला अ‍ॅक्सल जोडलेल्या जीपमध्ये हे वारंवार आढळतं. युद्धकाळातल्या जीपचा रेशो ४.८८, नंतरच्या नागरी सीजे-२एचा ५.३८. तपास घरी होतो. गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर न्यूट्रल, पुढचा ड्राइव्ह सोडलेला. हँडब्रेक सोडा, कारण तो ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवरच आहे. त्याआधी जमिनीवरच्या चाकांना दगडाची किंवा ठोकळ्याची ओट लावायला विसरू नका. एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. शाफ्टचे फेरे पाचाला जरासे कमी पडले तर ४.८८, पाचाच्या वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त गेले तर ५.३८. पुढे-मागे आकडा एकच आला पाहिजे. चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे हवेत.

गिअरबॉक्सचं तेल एकदा बघाच. तिथून तेल झिरपून ट्रान्सफर केसमध्ये जातं : एकीकडे कोरडं, दुसरीकडे भरून वाहतं. दोहोंत जीएल-४ प्रतीचं ९० नंबरचं तेल घाला. जीएल-५ मधली रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगांना बाधू शकतात.

प्रश्न : डाव्या चाकाचे नट सुटत नाहीत, दोन स्टड तुटले. – रामबाग, इंदूर

उत्तर : उलट्या बाजूला फिरवताय. जुन्या जीपच्या डाव्या चाकांना डावे आटे असतात. स्टडच्या तोंडावर ‘एल’ अक्षर पाहा. नवे स्टडही डाव्या आट्याचेच मागा.

प्रश्न : वडिलांच्या नावावरची १९६८ ची जीप आहे. आरसी सापडत नाही, वडील नाहीत. व्हिंटेज नोंदणी मिळेल का? – स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : क्रम चुकवू नका. आधी हरवल्याची तक्रार देऊन डुप्लिकेट आरसीसाठी नमुना २६, मग वारसाच्या नावे करण्यासाठी नमुना ३१. गाडी तुमच्या नावावर आल्यानंतरच व्हिंटेजचा विचार.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी-चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरू शकते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. शेतात सोयीचं म्हणून डिझेल इंजिन बसवलेल्या जीप इथेच अडकतात. अर्ज नमुना २० वर, सोबत जुनी आरसी आणि विमा. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,०००, मुदत १० वर्षं. नंबर एमपी, व्हीए, दोन अक्षरं आणि चार आकडे असा मिळतो. मात्र त्यानंतर रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. मळ्यातून मंडीत माल न्यायचा असेल तर साधी नोंदणीच नूतनीकरण करून ठेवा, नमुना २५ वर, पाच-पाच वर्षांसाठी.

प्रश्न : लष्करी लिलावातली जोंगा घ्यावी का? सुटे भाग मिळतील? – विजयनगर, इंदूर

उत्तर : घ्या, पण लिलावाची मूळ कागदपत्रं सोबत असतील तरच. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत निसानच्या ‘पॅट्रोल’ या मॉडेलवरून बनलेली ही गाडी, ३,९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. त्याच कारखान्यातल्या निसान एक-टनी ट्रकलाही हेच इंजिन होतं, म्हणून इंजिनाचे भाग शोधताना दुकानदाराला दोन्ही नावं सांगा. दार, काच, डॅशबोर्ड यांचं तसं नाही. त्या गोष्टी शाबूत असलेलीच गाडी निवडा, इंजिन बिघडलेलं असलं तरी चालेल.