जुन्या मझदा एमएक्स-५ चा गिअर लिव्हर ढिला झालाय. पूर्ण शिफ्टर बदलू, की शॉर्ट शिफ्टर बसवू?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये तुम्ही १९९२ ची युनोस रोडस्टर घेतलीत, म्हणजे जपानहून आलेली एमएक्स-५, पाच गिअरची. लिव्हर गिअरमध्ये असतानाही डावी-उजवीकडे डुलतो, वेग वाढला की झणझणतो, आणि लिव्हरच्या बुडातून गरम हवा पायाला लागते. गॅरेजवाला म्हणतो पूर्ण शिफ्टर, म्हणजे लिव्हर आणि त्याखालची जोडणी, बदला, आणि खोलतोच आहोत तर शॉर्ट शिफ्टर, म्हणजे हात कमी सरकवून गिअर पडणारा लिव्हर, टाकून घ्या.

दोन्ही करू नका. निदान आत्ता तरी. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही खुणा माझ्या गाडीत होत्या. माझी १९९५ ची आहे, १.८ लिटरची, इथे ओहायोत. मलाही पहिल्यांदा एका गॅरेजनं गिअरबॉक्स उतरवायची भाषा केली होती. शेवटी बदलले ते दोन बूट, म्हणजे लिव्हरच्या बुडाभोवतीची रबरी आवरणं, एक नायलॉनचा बुश आणि एक लाटेसारखा वाकवलेला वॉशर. लिव्हर तोच आहे, आजही.

या गाडीत गिअर लिव्हर कुठे बसतो ते एकदा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. इंजिन पुढे, मागची चाकं ओढणारी, आणि गिअरबॉक्स थेट तुमच्या कोपराखाली. त्यामुळे मधे लांबलचक रॉड नाहीत, केबल नाहीत. लिव्हरचं खालचं टोक गिअरबॉक्सच्या मागच्या भागात, वरून उघड्या असलेल्या एका छोट्या आडासारख्या खोबणीत उतरतं. तिला टरेट म्हणतात. लिव्हरला मधे एक जाड गोळा असतो, त्यावर तो डोलतो. टोकाला एक लहान गोळा असतो, तो आतल्या रॉडला ढकलतो. या लहान गोळ्यावर नायलॉनची टोपी असते, तोच बुश. मोठ्या गोळ्याला वरून दाबून धरायला तो वाकडा वॉशर. आणि या सगळ्याला बुडवून ठेवायला टरेटमध्ये थोडं ऑइल असतं, साधारण ८० मिली. गिअरबॉक्सच्या ऑइलपासून ते वेगळं असतं. नेमकं हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. दर दोन-तीन वर्षांनी गिअरबॉक्सचं ऑइल बदलणारी माणसंसुद्धा या आडात कधी डोकावत नाहीत, आणि तो वर्षानुवर्षं कोरडा पडलेला असतो.

आता तुमच्या तक्रारी लावून बघा. बुश झिजून तुटला की लिव्हर डुलतो. वॉशरचा ताण गेला की तो झणझणतो. आणि गरम हवा येते ती बूट फाटल्यामुळे. बूट दोन आहेत. खालचा लहान बूट ऑइल आत आणि धूळ बाहेर ठेवतो. वरचा मोठा बूट गिअरबॉक्सच्या बोगद्यातली, म्हणजे दोन सीटांमधल्या उंचवट्याखालच्या पोकळीतली, उष्णता आणि आवाज अडवतो. एक्झॉस्ट शेजारूनच जातो, म्हणून ती हवा इतकी तापलेली असते. तीस वर्षांचं रबर आहे, ते फाटणारच.

मी कोल्हापुरात वाढलो. घरी प्रीमियर पद्मिनी होती, चार गिअर आणि गिअरचा दांडा स्टीअरिंगला. तो दांडा असाच लोंबायला लागला की बाबा उद्यमनगरात घेऊन जायचे आणि तिथले मिस्त्री दांड्याकडे न बघता वाकून खाली हात घालायचे. "लिव्हर कशाला मोडतोय? बुश गेल्यात." हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की ओहायोत माझा लिव्हर डुलला तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं. गाडी कुठलीही असो, आधी बुश बघायचे.

पण खोलायच्या आधी एक चाचणी करा, दोन मिनिटांची. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा, रिव्हर्ससुद्धा. मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून, तेच करा. बंद इंजिनवर गिअर लोण्यासारखे पडत असतील आणि चालू इंजिनवर अडत असतील, विशेषतः पहिला आणि रिव्हर्स, तर दोष शिफ्टरचा नाही. क्लच नीट सुटत नाहीये. या गाड्यांत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर द्रवाच्या दाबानं क्लच सोडवणारा भाग, गळणं हे फार जुनं दुखणं आहे. गिअरबॉक्सच्या बाजूला बाहेरूनच बोल्ट केलेला असतो. त्याचं रबरी टोपण उचलून पाहा, आत ओल दिसली तर तो गेला. तो दुरुस्त केल्याशिवाय कितीही महागाचा शिफ्टर बसवलात तरी फरक पडणार नाही. आणि थंड सकाळी फक्त दुसरा गिअर खरखरत असेल, गाडी तापल्यावर बरा होत असेल, तर ते सिंक्रोचं, म्हणजे गिअर पडताना दोन्ही बाजूंचा वेग जुळवणाऱ्या रिंगांचं, आणि घट्ट झालेल्या ऑइलचं काम आहे. त्यासाठी गिअरबॉक्सचं दोन लिटर ऑइल बदला. मी ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं वापरतो, कारण जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळी सिंक्रो रिंगांच्या वाट्याला जाऊ नयेत असं मला वाटतं. तेच ऑइल टरेटलाही चालतं.

कामाचं सांगतो. गाडी पूर्ण गार होऊ द्या. मी हे पहिल्यांदा घाईत केलं आणि मनगट भाजून घेतलं. सपाट जागा, चाकांना ठोकळे, लिव्हर न्यूट्रलमध्ये. नॉब उलटा फिरवला की निघतो. मग कन्सोलचे, म्हणजे दोन सीटांमधल्या प्लास्टिकच्या आवरणाचे, स्क्रू. कन्सोल उचलताना जोर लावू नका, तुमच्या गाडीत काचांची बटणं कन्सोलवर असतील तर खाली वायरचे कनेक्टर असतात. आधी हात घालून ते सोडवा. प्लास्टिक म्हातारं झालेलं असतं, एका झटक्यात तडकतं. खाली वरचा मोठा बूट दिसेल, चार बोल्टवर, सगळे १० चा पाना लागणारे. तो काढला की लहान बूट. बहुतेक त्याच्या चिंध्याच झालेल्या असतील.

इथे थांबा. मला जर तुमच्या शेजारी उभं राहून एकाच क्षणी हात धरता आला असता तर तो इथे धरला असता. या बुटाभोवती तीस वर्षांची वाळू, फोमचे तुकडे, सुकलेली पानं साचलेली असतात, आणि लिव्हर उचललात की ते सगळं उघड्या गिअरबॉक्समध्ये पडायला तयार असतं. व्हॅक्यूमनं ओढून घ्या, ब्रश मारा, ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा, पुन्हा व्हॅक्यूम. मी याच्यावर अर्धा तास घालवतो, बाकी कामाला तितकासा लागत नाही. मग मोबाइलवर फोटो काढा, लिव्हर कोणत्या बाजूला वाकलाय ते दिसेल असा.

आता लहान बुटाच्या प्लेटचे तीन बोल्ट, पुन्हा १० चेच. ते काढून लिव्हर सरळ वर ओढा. अडला तर हलकेच डोलवत ओढा, पेचकस घालून उचकटू नका. वर येईल तेव्हा टोकाकडे बघा: नायलॉनची टोपी शाबूत आहे का? तुटलेली असेल तर तिचे तुकडे मोजा आणि जुळवून बघा. एखादा कमी भरला तर तो टरेटच्या तळाशी आहे. तो काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. वाकड्या तोंडाचा चिमटा आणि टॉर्च पुरते.

तळातलं जुनं ऑइल मोठ्या सिरिंजला नळी लावून ओढून घ्या. माझ्या गाडीत ऑइल नव्हतंच, काळ्या चिखलासारखा चमचाभर लगदा होता. तो फडक्यानं टिपून काढला. फडकं धागे सोडणारं नको.

नवा बुश गार असताना लहान गोळ्यावर चढायला कुरकुर करतो. गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवा, नायलॉन मऊ होतं, मग अंगठ्यानं दाबला तरी टक्कन बसतो. नवा वॉशर जुन्याशेजारी ठेवून बघा. जुना किती चपटा झालाय ते पाहिलं की झणझण कुठून येत होती ते कळतं. गोळ्यांना थोडं ग्रीस. टरेटमध्ये ८० मिली ऑइल, सिरिंजनंच मोजून. जास्त घातलंत तर लिव्हर बसताना ते वर येतं, म्हणून मोजणं महत्त्वाचं. लिव्हर फोटोप्रमाणे उतरवा, नवा बूट, तीन बोल्ट. खालचं धड ॲल्युमिनियमचं आहे, त्यातले आटे एकदा गेले की तीन बोल्टांसाठी मोठं दुखणं उभं राहतं. आधी हातानं फिरवा, मग मनगटानं आवळा, खांदा लावू नका. कन्सोल लावायच्या आधी सगळे गिअर पुन्हा टाकून बघा.

पहिल्यांदा मला सगळी दुपार लागली. सुटे भाग साठ डॉलरच्या आत आले होते.

आता शॉर्ट शिफ्टर. तुम्हाला तो हवासा का वाटतो ते मला समजतं, मलाही वाटला होता. पण तो लिव्हर म्हणजे साधी तरफ आहे, आणि तरफेत काही फुकट मिळत नाही. समजा मधल्या गोळ्याच्या वर २४ सेंमी दांडा आहे आणि खाली ६. म्हणजे चारास एक. खालचं टोक दीड सेंमी सरकवायला तुमचा हात ६ सेंमी जातो. शॉर्ट शिफ्टरवाले खालचा भाग लांबवतात. तो ८ केला तर तीनास एक. हात आता साडेचार सेंमीच जाईल, पण तेवढ्याच कामाला ताकद एक तृतीयांश जास्त लागेल. आणि हात भराभर चालला म्हणून सिंक्रो भराभर चालत नाही. त्याला दोन्ही बाजूंचा वेग जुळवायला लागायचा तेवढा वेळ लागतोच. तीस वर्षांच्या गिअरबॉक्समध्ये, ज्याचा दुसरा गिअर थंडीत कदाचित आधीच कुरकुरत असेल, तुम्ही तो वेळ कमी करून त्याच्यावर जास्त दाब टाकणार. मला ते पटत नाही.

शिवाय या गाडीत लिव्हरचा मुळातला झोकाच, म्हणजे हात सरकायचं अंतर, आखूड आहे. १९८९ मध्ये मझदानं ही गाडी आणली तेव्हा तिच्या घडणीमागची कल्पना ते 'जिन्बा इत्ताई' या जपानी शब्दांत सांगत, घोडा आणि स्वार एकच. आपल्याकडे घोडेस्वाराची मांड म्हणतात तीच ही गोष्ट. पाय, कंबर आणि हाताच्या पंजातून जनावर काय करतंय ते कळलं पाहिजे. या गाडीत ती मांड त्या लिव्हरमध्ये आहे. तळव्याला गिअरबॉक्सच्या आतली हालचाल थेट लागते, कारण मधे काहीच नाही. तुम्ही ती अजून अनुभवलेली नाही. तुटक्या बुशावर चालणारा लिव्हर म्हणजे खोगीर सैल झालेला घोडा.

एमआर-टू किंवा बॉक्स्टरसारख्या इंजिन मध्यावर असलेल्या गाड्यांत लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत केबल जातात, तिथे हिशोब वेगळा. त्या गाड्यांसाठीचे सल्ले वाचून तुमच्या गाडीवर निर्णय घेऊ नका. आणि पुढच्या पिढीत आलेल्या सहा गिअरच्या एमएक्स-५ चं गिअरबॉक्सच निराळं, त्यामुळे किट मागवताना पाच गिअरचं म्हणून स्पष्ट सांगा.

तर असं करा: दोन्ही बूट, बुश, वॉशर आणि लिटरभर ऑइल मागवा. काम करून महिनाभर गाडी चालवा, थंडीतली एखादी सकाळ त्यात येऊ द्या. त्यानंतरही झोका लांब वाटला तर पुन्हा विचारा, मी तेव्हा तुम्हाला अडवणार नाही. कन्सोल खोलायला तोवर तुम्हाला वीस मिनिटंही लागणार नाहीत. आणि पहिल्या आठवड्यानंतर एकदा नॉब आणि चामड्याचं आवरण उचलून बोट फिरवून बघा. बुटाच्या कडेला ऑइलची ओल लागली तर तीन बोल्टांपैकी एखादा सैल राहिलाय.