"मॅडम, ती ब्लड टेस्ट करून घेऊ का?"

गेल्या वर्षभरात समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की शेवटी लिहायला बसले. आईला नाहीतर बाबांना अल्झायमर झालेला, आपण पन्नाशीत, चष्मा कुठे ठेवला आठवत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येतं की आता रक्तातूनच कळतं.

कळतं हे खरंय. पी-टाऊ 217 आणि अमायलॉइड ही प्रोटीन्स रक्तात मोजली की अल्झायमरमध्ये मेंदूत जे अमायलॉइड साठतं ते साठलंय का याचा चांगला अंदाज येतो, मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने अशा पहिल्या टेस्टला मान्यता पण दिली. पण ती 55 आणि त्यापुढच्यांसाठी, तेही लक्षणं असतील तर, आणि बाकीच्या तपासण्यांच्या जोडीने. किडनीचा त्रास असेल तर पी-टाऊ वाढलेला दिसू शकतो. शिवाय अमायलॉइड साठूनही काहींची स्मृती शेवटपर्यंत ठीक राहते.

डोंबिवलीच्या एक ताई आल्या, वय 51 (ओळख बदलली आहे). रोज सकाळी स्लो लोकलमध्ये स्टेशनं मनात उलटी म्हणायच्या. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर. एक दिवस मुंब्रा राहिलं तर ऑफिसात दिवसभर हात थरथरत होते.

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, भीतीच्या पोटात कुठला हट्ट बसलाय तो शोधते. तिसऱ्या भेटीत विचारलं, "ही परीक्षा तुम्हाला कोणी लावली?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मीच आईची घ्यायचे. आज वार कोणता सांग, माझं नाव सांग. ती नुसती हसायची आणि मी चिडायचे."

मला तिथे लख्ख दिसलं, आणि इतक्या वर्षांच्या कामाचं सार्थक वाटलं. त्यांना रिपोर्ट नकोच होता, आईवर चिडल्याची शिक्षा हवी होती. म्हटलं, "ताई, तेव्हा तुम्ही घाबरला होतात. घाबरलेली मुलगी चुकूच नये हा नियम कुठला?" मग खूप रडल्या.

म्हणून टेस्टचं विचारणाऱ्यांना मी आधी विचारते, रिपोर्ट काहीही आला तरी उद्या सकाळी तुम्ही वेगळं काय करणार? विसरणं खरंच वाढत असेल, घरच्यांच्याही लक्षात येत असेल तर सरळ न्यूरोलॉजिस्टकडे जा, टाळू नका. बी12, थायरॉइड, झोप, डिप्रेशन हेही बघून घ्या, विसरणं यानेही होतं. या ताईंचं बी12 खूपच कमी निघालं.

परवा आल्या तेव्हा स्टेशनांचं विचारलं. म्हणाल्या, "आता नाही म्हणत. मुंब्र्याला खाडी दिसते ना, ती बघत बसते."