होल्स्टचा 'सीता' ऑपेरा आणि त्याच्या सुरुवातीच्या न छापलेल्या रचना कुठे बघायला मिळतात?

'द प्लॅनेट्स' ही वाद्यवृंद-रचना करणाऱ्या इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टने रामायणावर 'सीता' नावाचा ऑपेरा लिहिला होता, मग त्याचं नोटेशन नेटवर कुठेच का सापडत नाही आणि पुण्यात बसून ते बघता येईल का, असं तुम्ही विचारलंय. काही वर्षांपूर्वी मीही याच शोधात रात्री जागवल्या होत्या.

पुण्यात बसून जमणार नाही. लंडनला येणार असाल तर जमेल, आणि बघण्याचे पैसे पडत नाहीत.

होल्स्ट १९३४ मध्ये गेला. त्याची मुलगी इमोजेन स्वतः संगीतकार होती. वडिलांच्या सगळ्या रचनांची सूची तिने १९७४ मध्ये छापली. नेट बाजूला ठेवा आणि आधी ही सूची मिळवा. छापलेल्या, न छापलेल्या, सगळ्या रचना त्यात सालवार लावल्या आहेत आणि कोणतं हस्तलिखित कुठे आहे तेही दिलंय. बहुतेक हस्तलिखितं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इमोजेन पुढे बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराची मदतनीस म्हणून सफोकमधल्या ऑल्डबरोला राहायला गेली, त्यामुळे होल्स्ट घराण्याचे बरेच कागद तिथल्या बेंजामिन ब्रिटनच्या संग्रहात गेले. चेल्टनहॅममधल्या होल्स्टच्या जन्मघराचं आता संग्रहालय झालंय. तिथला पियानो जरूर बघा, पण हस्तलिखितांसाठी म्हणून तिकडे वाट वाकडी करू नका.

ब्रिटिश लायब्ररीचा रीडर पास मोफत मिळतो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. हस्तलिखितं आधी मागवून ठेवायची असतात. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात त्यांचा ऑनलाइन कॅटलॉगच कोलमडला होता, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी ईमेल टाका आणि इमोजेनच्या सूचीतला क्रमांक त्यात लिहा. 'होल्स्टचं सुरुवातीचं काहीतरी' असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येईल. आणि पेन नेऊ नका. मी नवंकोरं शाईपेन घेऊन ऐटीत गेलो होतो, ते बाहेर लॉकरमध्ये ठेवून दिवसभर पेन्सिलीने लिहीत बसलो.

आता तुमचा खरा प्रश्न, नेटवर का नाही. हयातीत छापलेल्या होल्स्टच्या रचना ब्रिटनमध्ये २००५ पासून खुल्या झाल्या, कारण मृत्यूनंतर ७० वर्षं उलटली. 'सावित्री' हा त्याचा छोटा ऑपेरा किंवा त्याने संगीत दिलेली ऋग्वेदातली सूक्तं म्हणूनच सहज सापडतात. पण त्याच्या हयातीत जी रचना ना छापली गेली ना जाहीर वाजली, आणि १ ऑगस्ट १९८९ पर्यंतही तशीच पडून राहिली, तिचा कॉपीराइट तिथल्या कायद्याने थेट २०३९ अखेरपर्यंत आहे. म्हणजे गाजलेलं काम मोकळं आणि ट्रंकेतलं काम बंद, असा उलटा प्रकार. तरी बघायला कुणी अडवत नाही. प्रत काढणं, छापणं, वाजवणं म्हटलं की हक्कदारांची परवानगी लागते. प्रबंधात दोन-चार ओळी उद्धृत करायच्या असतील तरी आधी विचारून घ्या.

आणखी एक, अक्षर बघून हुरळून जाऊ नका. होल्स्टचा उजवा हात तरुणपणापासून दुखायचा. 'द प्लॅनेट्स'च्या वेळी तर तो शिकवायचा त्या शाळेतल्या दोन सहशिक्षिका त्याच्यासाठी लिहून काढत होत्या. होल्स्टच्या नावावरचं प्रत्येक पान त्याच्याच हातचं असेलच असं नाही.

हा सगळा खटाटोप करण्याइतकं त्यात काही आहे का? होल्स्टला विचाराल तर नाही. स्वतःच्या सुरुवातीच्या कामाला तो 'भयंकर प्रकार' म्हणायचा. 'सीता'वर १९०६ पर्यंत साताठ वर्षं घालवली, शब्द स्वतः लिहिले, रिकॉर्डी या इटालियन संगीत-प्रकाशकाच्या स्पर्धेला पाठवला, बक्षीस हुकलं. नंतर त्यानेच त्याला जर्मन ऑपेराकार वाग्नर याच्या छापाचा आरडाओरडा ठरवून टाकलं. रंगमंचावर यायला २०२४ उजाडलं, तेही जर्मनीत, सारब्र्युकेनला.

मला मात्र ती पानं फार मोलाची वाटली. भाषांतरं रुचेनात म्हणून हा माणूस लंडनमध्ये संस्कृत शिकायला लागला होता आणि वाल्मीकीला वाग्नरच्या अंगरख्यात बसवू पाहत होता. अंगरखा बसत नाही, आणि कुठे कुठे उसवतो ते पानोपानी दिसतं. नुसती ध्वनिमुद्रणं ऐकून हे कळलं नसतं.

तिकिटाचे पैसे जमेपर्यंत १९०८ ची 'सावित्री' ऐका. अर्ध्या तासाची, तीन गायक, बारा वादक. सुरुवातीला तर वाद्यच नाही. यम पडद्याआडून एकटाच गात येतो.