राउटर आणि रिडक्स: फिल्टर नक्की कुठे ठेवायचा?

रिअॅक्टच्या अॅपमध्ये फिल्टर बदलला की यूआरएल (पानाचा पत्ता) बदलतो पण ब्राउझरचं बॅक दाबल्यावर लिस्ट हलतच नाही म्हणताय ना, ते होतंय कारण एकच गोष्ट तुम्ही दोन ठिकाणी ठेवलीये, रिडक्सच्या स्टोअरमध्ये (अॅपभर लागणारा डेटा एकाच जागी ठेवतात ते) पण आणि यूआरएलमध्ये पण, आणि यूजइफेक्ट (काही बदललं की आपोआप चालणारा रिअॅक्टमधला कोड) लावून दोघांना एकमेकांच्या मागे पळवताय. स्टोअरमधून फिल्टर काढूनच टाका. रिअॅक्ट राउटरचं (यूआरएल बघून पान दाखवणारी लायब्ररी) यूजसर्चपॅरम्स घ्या, म्हणजे यूआरएलमधला प्रश्नचिन्हापुढचा भाग वाचायचं-लिहायचं फंक्शन, फिल्टर, सॉर्ट, पेज नंबर थेट यूआरएलमधून वाचा आणि तिथेच लिहा, मग बॅक, रिफ्रेश, लिंक पाठवणं सगळं आपोआप चालतं. रिडक्समध्ये लॉगिन वगैरे राहू दे. हां, सर्च बॉक्सला मात्र रिप्लेस ट्रू द्या (म्हणजे नवी एंट्री न होता आधीचीच बदलते), नाहीतर प्रत्येक अक्षराची हिस्टरीत एंट्री होते आणि माणूस बॅक दाबून दाबून वैतागतो. यूआरएलमधून पेज नंबर स्ट्रिंग (मजकूर) म्हणून येतो, तो आकड्यात कन्व्हर्ट करा, माझा यात अर्धा दिवस गेलाय.